होडी गेल्यानंतरची जागा

काही वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, रत्नागिरीतील एका महाविद्यालयाच्या माध्यम विभागातले चार विद्यार्थी भर पावसात माझ्या घरी आले. त्यांच्यापाशी एका पेनड्राइव्हमध्ये जेमतेम चार मिनिटांचा एक व्हिडिओ होता. गाणे त्यांनीच रचलेले, त्यांच्यातल्याच एकाने गायलेले आणि चित्रीकरणही त्यांचेच. अल्बममध्ये आणखी तीन गाणी होती. ती नुसती ऐकण्यासाठी होती. प्रकल्पाचा भाग म्हणून व्हिडिओबरोबर अल्बमचे मुखपृष्ठही सादर करायचे होते, पण गुणांपेक्षा मुलांची ओढ वेगळीच होती. गणपतीत चाकरमानी गावी येतात, त्या दिवसांत हे गाणे वाडीवाडीत वाजावे, असे त्यांना मनापासून वाटत होते. मी मुंबईत बरीच वर्षे कॅसेटची आणि सीडींची वेष्टने करण्यात घालवून गावी परतले आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. "ताई, व्हिडिओला मॅच होईल असं कव्हर पाहिजे," एवढेच त्यांचे मागणे होते. 'मॅच होईल' या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात आमचे पुढचे पाच आठवडे गेले.

गाण्याचे नाव 'एकसष्ट दिवस'. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि दर्याही खवळलेला. जूनचे तीस आणि जुलैचे एकतीस दिवस मिळून एकसष्ट होतात. ज्या घरातला बाप उरलेले दहा महिने फक्त झोपायला आणि जेवायला घरी येतो, त्या घरात या दोन महिन्यांत तो सकाळपासून रात्रीपर्यंत समोर दिसत राहतो. गाणाऱ्या मुलाचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत. बाप आणि मुलगा एका छपराखाली दोन महिने राहतात, फारसे बोलत नाहीत, आणि बोलायला सुरुवात होईपर्यंत होडी पाण्यात ढकलायची वेळ येते, अशी त्या गाण्याची कथा आहे. व्हिडिओत भाट्याच्या खाडीकाठी ओढून घेतलेली त्यांची होडी आहे, तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप आणि निळी ताडपत्री आहे, तिच्या आडोशाला बसून फाटलेले जाळे सांधणारे वडील आहेत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ते जाळे सांधायची सुई काही न बोलता मुलाच्या हातात देतात. ते दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला पुढे काही बोलता आले नाही, आणि त्या मुलांसाठी हे काम करायचे, हे मी तिथेच ठरवले.

मुलांनी मुखपृष्ठाचा विचार करूनच ठेवला होता. त्याच सुईच्या दृश्यावर व्हिडिओ थांबवायचा, ती चौकट उचलायची आणि वर नाव टाकायचे. पहिल्यांदा हे काम करणारा जवळपास प्रत्येक जण असेच करतो, आणि त्यात चूक का आहे हे समजून घेण्यासाठी आधी मोजमापांकडे वळावे लागते. त्यांचा व्हिडिओ १९२० बाय १०८० पिक्सेलचा होता. मुखपृष्ठ चौरस असते, म्हणून त्या आडव्या चौकटीतून १०८० बाय १०८० एवढाच तुकडा हाती लागतो. गाणी ऐकवणाऱ्या सेवांना साधारणपणे ३००० बाय ३००० पिक्सेलचे चित्र द्यावे लागते. म्हणजे मूळच्या प्रत्येक पिक्सेलच्या जागी जवळजवळ आठ पिक्सेल संगणकाने आपल्या अंदाजाने भरायचे. छपाईत एका इंचाला ३०० ठिपके लागतात, त्या हिशेबाने तोच तुकडा ३.६ इंचांपलीकडे नीट छापता येत नाही. शिवाय चित्रीकरण सेकंदाला पंचवीस चौकटी या वेगाने केलेले होते, आणि अशा वेळी शटर बहुधा एक पन्नासांश सेकंद उघडे ठेवतात. त्यामुळे चालणारा हात प्रत्येक चौकटीत थोडा पुसट उमटतो. व्हिडिओ पाहताना तो पुसटपणा डोळ्यांना हवाच असतो, कारण हालचाल गुळगुळीत वाटते ती त्यामुळेच. पण ती एकच चौकट बाहेर काढली की तो हात नुसता अस्पष्ट दिसतो.

मापांची अडचण नव्या कॅमेऱ्याने दूर झाली असती. खरी अडचण पुढची होती. ती सुई हातात येण्याचा क्षण व्हिडिओत मोठा होतो, कारण त्याआधी साडेतीन मिनिटे आपण त्या दोघांना एकमेकांपासून दूर बसलेले पाहिलेले असते. ते दूर बसणे काढून टाकले, तर उरतात फक्त दोन हात आणि एक सुई. गाणे ऐकण्यापूर्वीच ज्याला हे मुखपृष्ठ दिसेल, त्याला त्या हातांची वाट पाहायला कुणी लावलेले नाही. आणि ज्याने व्हिडिओ आधी पाहिला आहे, त्याला मुखपृष्ठ तीच गोष्ट दुसऱ्यांदा, आणि पहिल्यापेक्षा कमी ताकदीने, सांगेल. मी मुलांना म्हटले की भाताबरोबर आपण दुसरा भात वाढत नाही. सोबत काहीतरी वेगळ्या चवीचे लागते, आणि ते वेगळे असूनही त्याच पानातले वाटावे लागते.

मला या कामाची गोडी लागली ती कॅसेटच्या दिवसांत. आमच्या लहानपणी रत्नागिरीच्या एसटी स्थानकाजवळच्या दुकानांत शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडी नाचाबरोबर रंगणाऱ्या दोन शाहिरांच्या सामन्यांच्या, कॅसेटी टांगलेल्या असत. कॅसेटच्या कव्हरची पुढची बाजू साधारण अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच. तेवढ्या जागेत दोन शाहिरांचे फेटे बांधलेले चेहरे समोरासमोर छापलेले असत आणि मध्ये लाल-पिवळ्या अक्षरांत सामन्याचे नाव. छपाई भडक असे, रंग एकमेकांवर सरकलेले असत. पण समोरासमोरचे ते दोन चेहरे पाहिले की आत सवाल-जवाब आहेत, एक विचारणार आहे आणि दुसरा उत्तर देणार आहे, हे न वाचता कळत असे. जाखडीचे नाच त्या कव्हरवर क्वचितच दिसत, घुंगरू आणि ढोलकी तर कधीच नाही. आत जे घडते त्याचे चित्र काढण्याऐवजी, आत जाण्यापूर्वी मन कसे असावे, एवढेच ते कव्हर सांगत असे. हे मला शब्दांत मांडता आले ते फार उशिरा.

अल्बम हा शब्दच मुळी पुस्तकासारख्या बांधणीवरून आला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटांचे संगीत मावत असे, म्हणून मोठी रचना चार-पाच तबकड्यांत विभागून, त्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत विकत. त्या बांधणीवर बहुधा साधा एकरंगी कागद किंवा कापड असे. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत काम करणाऱ्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४०च्या सुमारास त्या पुठ्ठ्यावर चित्र आणायचे ठरवले. त्याच्या पहिल्याच प्रयत्नात त्याने एका नाट्यगृहाबाहेरच्या दिव्यांच्या पाटीवरची अक्षरे बदलून घेतली, तिथे गीतकार आणि संगीतकाराची नावे लावली आणि तिचे छायाचित्र घेतले. गायकाचा चेहरा नाही, वाद्य नाही, गाण्यातली गोष्टही नाही. फक्त नाट्यगृहाच्या दाराशी उभे राहिल्यावर जे दिसते ते. १९४८ साली बारा इंची लाँग प्ले तबकडी आली आणि कलाकारांना फूटभर चौरस मैदान मिळाले. पुढे सीडीने ते १२ सेंटिमीटरांवर आणले, आणि आज फोनवरच्या यादीत तेच चित्र अंगठ्याच्या नखाएवढे दिसते. माप कितीही बदलले तरी दाराशी उभे करण्याचे ते काम मुखपृष्ठाकडून सुटलेले नाही.

मुलांना हे नुसते सांगून पटले नसते, म्हणून एका रविवारी मी त्यांना घेऊन कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले. तिथल्या ठाकर समाजातल्या कलावंतांनी चित्रकथीची परंपरा सांभाळली आहे. एका कथेच्या चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात. दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि कथेकरी एकेक चित्र पुढे उभे करून, वाद्यांच्या साथीने त्यातली कथा गातो. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यापासून पिंगुळीचे नाव बाहेरही पोहोचले आहे. मला मुलांना दाखवायचे होते ते वेगळेच. चित्रातल्या आकृती बाजूने रंगवलेल्या, डोळे मोठे, हात एका ठरलेल्या मुद्रेत थांबलेले. रथ निघालेला आहे पण चाक फिरत असल्याची एकही रेघ नाही. सगळा वेग कथेकऱ्याच्या गळ्यात आहे, आणि चित्राने तो स्वतःकडे घेण्याचा प्रयत्नसुद्धा केलेला नाही. गाणे धावते म्हणून चित्राला थांबता येते. कॅमेरा सांभाळणारी मुलगी परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ गप्प होती. रत्नागिरी जवळ आल्यावर ती म्हणाली, "ताई, आपण व्हिडिओत सगळं हलवून टाकलंय. कव्हरला आता गप्प बसवायला पाहिजे."

त्या वाक्यानंतर आमचे काम सुरू झाले, असे मी मानते.

दुसरा प्रयत्न वडिलांच्या छायाचित्राचा होता. चेहरा रापलेला, दाढी पांढरी, मागे ताडपत्रीचा निळा रंग. कॅमेऱ्याला हवे असते ते सगळे त्यात होते. छायाचित्र सुंदर आले आणि मुले हरखून गेली. पण वडिलांनी ते बराच वेळ पाहिले आणि फोन परत दिला. "व्हिडिओत माझे हात चालतायत, ताई. या फोटोत मी नुसता बसलोय. बघणारा म्हणेल, तांडेल बसून राहिलाय." मी त्यांना आग्रह केला नाही. बंदीच्या दोन महिन्यांत कमाई नसते, पण काम संपलेले नसते. जाळी सांधायची असतात, इंजिन उघडून पाहायचे असते, लाकूड तेल पाजून तयार करायचे असते. त्या माणसाला बसलेला दाखवणारे चित्र दिसायला कितीही चांगले असले, तरी ते त्याच्याविषयी खोटे बोलत होते. ज्याचा चेहरा आहे त्याला जे खोटे वाटते, ते मुखपृष्ठावर जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे, आणि या बाबतीत मी कधी तडजोड केलेली नाही.

आणखी एक गोष्ट तोवर आमच्या नजरेतून सुटली होती. व्हिडिओ एका गाण्याचा होता, पण मुखपृष्ठ चारही गाण्यांचे होते. बाकीच्या तीन गाण्यांपैकी एक पटसंख्या कमी झाल्यामुळे बंद पडलेल्या गावातल्या शाळेचे होते, एक मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या एसटीचे, आणि एक आजी गेल्यानंतर थंड पडलेल्या चुलीचे. या तिन्हींत ना होडी होती ना समुद्र. मुखपृष्ठावर बापलेकांना बसवले असते, तर ही तीन गाणी परक्या घरात पाहुणी म्हणून राहिली असती. ती चारही एकामागून एक पुन्हा ऐकली तेव्हा लक्षात आले की प्रत्येकात कुणीतरी नुकतेच उठून गेलेले आहे. जाणाऱ्याविषयी गाणी फार बोलत नाहीत. मागे राहिलेल्या वस्तूंविषयी बोलतात. बाक, खिडकीची काच, चुलीतली राख.

ऑगस्टचा पहिला आठवडा उलटला, समुद्र थोडा शांत झाला आणि होड्या पाण्यात गेल्या. मी सकाळी खाडीकाठी गेले तेव्हा तिथे एकही होडी नव्हती. दोन महिने जिथे त्या उभ्या होत्या तिथे ओल्या वाळूत त्यांच्या तळांनी पाडलेले लांब चर होते, बाजूला टेकू म्हणून लावलेले लाकडी ओंडके आडवे पडले होते, सोडलेले झाप होते, आणि होडीच्या छायेमुळे पाऊस न लागलेला वाळूचा एक फिकट पट्टा होता, ज्याचा आकार अजून होडीसारखाच होता. तो पट्टा एक-दोन सरींनंतर दिसेनासा होणार होता. मी उभ्या उभ्या चाळीसेक छायाचित्रे घेतली.

संध्याकाळी मुलांना ती दाखवली तेव्हा सगळ्यांत आधी विरोध केला तो गाणाऱ्या मुलाने. "पण यात आमचा व्हिडिओ कुठे आहे?" त्याचा प्रश्न रास्त होता आणि मी त्याचे उत्तर लगेच दिले नाही. मी त्याला व्हिडिओ लावायला सांगितला आणि तो संपल्या संपल्या, पडदा काळा होताच, ते छायाचित्र समोर ठेवले. व्हिडिओ संपतो तेव्हा होडी किनाऱ्यावर आहे आणि सुई मुलाच्या हातात आहे. त्यानंतर काय झाले हे गाणे सांगत नाही. छायाचित्र त्या न सांगितलेल्या सकाळचे होते. उलट क्रमाने पाहिले तरीही ते चालत होते: आधी रिकामी जागा पाहिली, तर इथे काय उभे होते हे जाणून घ्यायला माणूस गाण्यात शिरतो. मुलाने व्हिडिओ दोनदा लावला. तिसऱ्यांदा त्याने फक्त शेवटची दहा सेकंदे पाहिली आणि मान हलवली.

दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या वाटाव्यात, यासाठी मग रंगाचा आधार घ्यावा लागला. मुलांनी व्हिडिओला सगळीकडून निळसर-हिरवी छटा दिली होती, जशी आजकाल पुष्कळ व्हिडिओंना दिलेली असते. पावसाळ्यातल्या कोकणाला ती छटा मानवत नाही. ढगाळ प्रकाशात इथे सावल्या पडत नाहीत, ओला जांभा तांबड्यावरून जवळजवळ काळ्याकडे जातो, आणि सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा, हिरवा इतका उजळ होतो की त्याच्यात निळा घालताच तो आजारी दिसू लागतो. माझ्या सांगण्यावरून त्यांनी रंगांचे काम पुन्हा केले. वाळूतल्या जांभ्याच्या खड्यांचा तांबडा आणि ताडपत्रीचा निळा, हे दोनच रंग व्हिडिओत ठळक ठेवले. मुखपृष्ठावर तेच दोन आले: खडे सगळीकडे विखुरलेले, आणि एका कोपऱ्यात ताडपत्रीचा हातभर फाटका तुकडा. व्हिडिओतली जवळपास दर चौकट व्यापणारा निळा इथे फक्त एवढाच उरला होता.

नखाएवढ्या मापाची परीक्षा अजून बाकी होती, आणि तिच्यासाठी मला सावंतवाडीचा गंजिफा आठवला. लाखेचा लेप दिलेली पत्त्यांची ती गोल पाने हाताने रंगवलेली असतात. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने. राजा आणि प्रधान या दोन पानांवर आकृती असतात. बाकीच्या दहा पानांवर फक्त त्या अवताराची खूण, एकापासून दहापर्यंत. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाची कुऱ्हाड. खेळणाऱ्याच्या हातात पानांचा पंखा असतो आणि प्रत्येक पानाची कडच काय ती दिसते, तरी खूण ओळखू यावी लागते. आमच्या छायाचित्रात चर होता, झाप होते, सहा-सात ओंडके होते, लांबवर पाणी होते. लहान करून पाहिले तेव्हा सगळ्याचा करडा लगदा झाला. मी पाणी कापले, झाप बाजूला केले, आणि वरून खाली पाहणारी चौकट निवडली, ज्यात फक्त तो होडीच्या आकाराचा फिकट पट्टा मध्यभागी येत होता. मग ते नखाएवढे केले तरी होडी दिसू लागली, म्हणजे नसलेली होडी.

आता नावाची अक्षरे. मुलांनी संगणकावर दहाबारा नमुने करून आणले होते. त्यांपैकी निम्म्यांत शिरोरेषेची लाट केलेली होती. समुद्राचा विषय आला की शिरोरेषेची लाट हा पहिल्यांदा सुचणारा विचार असतो, आणि पहिल्यांदा सुचतो म्हणूनच तो बाजूला ठेवायला हवा. मी त्यांना अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी केलेल्या नाटकांच्या जाहिराती दाखवल्या. वर्तमानपत्राच्या एका रकान्यात ते नाटकाचे नाव असे लिहीत की अक्षरांची ठेवण पाहूनच नाटकाचा स्वभाव कळावा, आणि तरीही अक्षर आधी वाचता येई. हे वाचता येणे देवनागरीत सोपे नाही. 'दिवस'मधली वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, 'एकसष्ट'मधले जोडाक्षर एकाखाली एक जोडले तर तिच्या खूप खाली उतरते, आणि या दोन्हींसाठी जागा सोडली की मधल्या अक्षरांचा आकार लहान होत जातो. रोमन अक्षरांसाठी बांधलेल्या तयार नमुन्यांत ही जागा धरलेलीच नसते, आणि मुले नेमकी त्याच नमुन्यांत नाव बसवत होती.

शेवटी आम्ही होड्यांवर नावे रंगवणाऱ्या एका पेंटरकाकांकडे गेलो. बंदी उठण्याआधीच्या पंधरवड्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, पण आता ते मोकळे होते. एका जुन्या फळीवर त्यांनी खडू लावलेली दोरी ताणून सरळ रेघ उमटवली आणि चपट्या ब्रशने पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये 'एकसष्ट दिवस' लिहिले. त्यांचे जोडाक्षर खाली न जाता बाजूला बसले होते, त्यामुळे अक्षरे मोठी राहिली. मी कारण विचारले. ते म्हणाले, "दर्यावर होडीच्या जवळ कोण येतो? नाव लांबूनच वाचायचं असतं." फोनच्या पडद्यासाठी मी आठवडाभर जे शोधत होते, ते त्यांच्या ब्रशला मुळातच ठाऊक होते. ती फळी जशीच्या तशी छायाचित्रात घेतली, अक्षरे वेगळी काढली, पण ब्रशच्या केसांच्या रेघा तशाच ठेवल्या. व्हिडिओच्या सुरुवातीला येणारे नावही मुलांनी बदलून याच अक्षरांत घेतले, आणि त्या एका बदलाने दोन्ही कामे जेवढी जवळ आली तेवढी दुसऱ्या कशानेच आली नसती.

छपाईचा नमुना गणपतीच्या बाराएक दिवस आधी हातात आला. शंभर कार्डे करायची होती. सीडी वाजवायचे यंत्र आता कुणाकडे नसते, म्हणून आत तबकडी नव्हती. ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड मध्ये दुमडून, पाच इंची चौरस, मागे क्यूआर कोड. तो कोड मुलांना पुढच्या बाजूला हवा होता, पण गाण्यांच्या सेवा मुखपृष्ठावर क्यूआर कोड किंवा संकेतस्थळाचा पत्ता चालवून घेत नाहीत, आणि नियम नसता तरी मी तो तिथे येऊ दिला नसता. पहिल्या नमुन्यात ताडपत्रीचा निळा जांभळट आला होता. पडद्यावरचा झळझळीत निळा चार शाईंच्या छपाईत मावत नाही आणि त्यात मॅजेंटा, म्हणजे गुलाबीसर शाई, थोडा जरी जास्त झाला तरी तो जांभळ्याकडे झुकतो. आम्ही मॅजेंटा कमी केला. दमट हवेत कागद ओल धरून फुगतो आणि एका शाईवर दुसरी नेमकी बसत नाही, हे इथल्या प्रत्येक मुद्रकाला माहीत आहे. अक्षरांच्या कडांना तांबडी किनार दिसत होती ती त्यामुळेच. म्हणून अक्षरे दोन शाईंतून न उमटवता एकाच गडद शाईत उमटवली.

तो नमुना घेऊन आम्ही गाणाऱ्या मुलाच्या घरी गेलो. वडील नुकतेच दर्यावरून आले होते. त्यांनी कार्ड हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "ही जागा आमची नाही." मला आधी समजलेच नाही. त्यांनी शांतपणे सांगितले की हा पट्टा शेजाऱ्याच्या होडीचा आहे. तिचा नाळेकडचा, म्हणजे पुढचा, भाग जास्त निमुळता आहे, आणि त्यांची होडी याच्या डावीकडे, वडाच्या बाजूला उभी होती. खाडीकाठी मी गेले होते ती सकाळ आठवली. पाच-सहा जागांपैकी जी दिसायला सर्वांत चांगली होती ती मी निवडली होती, आणि कुणाची आहे हे विचारले नव्हते. ज्या अल्बमसाठी मी वडिलांचे छायाचित्र खोटे म्हणून बाजूला ठेवले, त्याच्याच मुखपृष्ठावर मी दुसऱ्याची जागा त्यांची म्हणून छापणार होते. ती चूक माझी होती आणि मुलांसमोर मी ती कबूल केली. बाहेरच्या कुणालाही ती ओळखू आली नसती, असे एका मुलाने म्हणून पाहिले. पण ज्या एका माणसाला ती ओळखू आली, तोच त्या गाण्यात होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः माझ्याबरोबर खाडीवर आले. तोवर दोन आठवड्यांचा पाऊस पडून गेला होता आणि फिकट पट्टा कुठेही उरला नव्हता. त्यांच्या जागेवर एक अर्धवट भरलेला चर होता, होडीच्या बुडाला लावलेल्या तेलाचा काळा डाग होता, आणि दोन रांगांत ओंडके होते. पहिल्या छायाचित्राइतके ते देखणे नव्हते. होडीचा आकार आता वाळूत राहिला नव्हता. ओंडक्यांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेवरून तो मनाने पुरा करावा लागत होता. मी वाकून चौकट जुळवत होते तेव्हा ते मागे उभे राहून मोजत होते. "आठ होते," ते म्हणाले. "सात दिसतायत. आठवा मी घरी नेला."

मुखपृष्ठावर ते सातच ओंडके आहेत. डाव्या रांगेत चार आणि उजव्या रांगेत तीन, आणि जिथे चौथा हवा तिथे ओल्या वाळूत एक वाटोळा खळगा. लहान करून पाहिले की ते आठही असल्यासारखेच दिसतात. जवळून पाहणाऱ्याला एक कमी असल्याचे कळते. आठवा ओंडका मी त्याच दिवशी त्यांच्या घरी पाहिला. मागच्या पडवीत पाण्याचे पिंप ज्या दगडावर होते तो दगड खचला होता, आणि बंदीच्या शेवटच्या दिवसांत बापलेकांनी मिळून तो ओंडका कापून पिंपाखाली बसवला होता. व्हिडिओत हे नव्हते, कारण कॅमेरा तेव्हा घरी नव्हता. मी एकच छायाचित्र घेतले, पिंपावरून ओघळणाऱ्या पाण्याने ओंडका अर्धा भिजलेला असताना. ते कार्डच्या आतल्या बाजूला, गाण्याच्या शब्दांशेजारी छापले आहे. त्याखाली आम्ही काही लिहिले नाही.